कोंबड्याचे वीस हेलकावे

मापघरात थोरल्या जावयाला अकरा वर्षं झाली होती, आणि या अकरा वर्षांत सासरे त्याच्याशी सलग नऊ सेकंदांपेक्षा जास्त कधी बोलले नव्हते. हे त्याने मोजलं होतं. मोजणं हाच त्याचा धंदा असल्यामुळे फावल्या वेळातही त्याचा हात राहत नसे. त्या नऊ सेकंदांत ‘दार लोटून घे’ हे वाक्य बहुतेक वेळा असायचंच. धाकट्या जावयाला येऊन मात्र जेमतेम तीन आठवडे झाले होते, आणि सासरे त्याच्याशी सरासरी चार मिनिटं बारा सेकंद बोलत. मध्येच हसत. सासऱ्यांना वरच्या बाजूलाही दात आहेत, ही माहिती थोरल्याला या तीन आठवड्यांत नव्याने मिळाली होती.

मापघर सासऱ्यांचं. खाली मापघर, वर त्यांचं घर. इथे फिरणाऱ्या वस्तूंचा इनर्शिया काढून मिळे. पुस्तकात याला ‘जडत्वाचं परिबल’ असं भारदस्त नाव आहे, पण ते म्हणून होईपर्यंत गिऱ्हाईक दुसरीकडे जाई. सरळ सांगायचं तर एखादी वस्तू फिरवायला घेतली की ती किती कुरकुरते, आणि एकदा फिरायला लागली की थांबताना किती कुरकुरते, त्या कुरकुरीचं हे माप. वजन निराळं. वजन काट्यावर कळतं. कुरकूर कळायला वस्तूला टांगावं लागतं.

त्यासाठी छताच्या तुळईपासून तीन पोलादी तारा खाली आल्या होत्या आणि त्यांना एक गोल ॲल्युमिनियमचं ताट लटकत होतं. वस्तू ताटाच्या मधोमध ठेवायची, ताटाला बोटभर पीळ द्यायचा आणि सोडून द्यायचं. मग ताट स्वतःभोवती इकडून तिकडे, तिकडून इकडे हेलकावत राहतं. एकाच वजनाच्या दोन वस्तूंत जिचा हेलकावा संथ, तिची कुरकूर मोठी. वीस हेलकाव्यांना किती वेळ लागला तो स्टॉपवॉचवर बघायचा, त्याला विसाने भागून एका हेलकाव्याचा काढायचा, त्याचा वर्ग करायचा, वजनाने गुणायचं, भिंतीवरच्या आकड्याने गुणायचं, रिकाम्या ताटाचं तेवढं वजा करायचं, की झालं.

भिंतीवरचा आकडा सासऱ्यांनी तीस वर्षांपूर्वी लाल रंगात, वीतभर उंचीचा रंगवला होता. त्याकरता त्यांनी एक पितळी कडं ताटात ठेवलं होतं. कड्याचा इनर्शिया आधीच ठाऊक होता. त्याचे वीस हेलकावे मोजून त्यांनी उलट हिशेबाने हा आकडा काढला. कडं तेव्हापासून कपाटात गेलं ते गेलंच. आकडा पुन्हा तपासून बघणं म्हणजे सासूबाईंना ‘तुमचं लग्न नक्की झालंय ना?’ असं विचारण्यासारखं होतं.

आणि शिक्का. गोल रबरी शिक्का, लाकडी मुठीचा, सासऱ्यांच्या सदऱ्याच्या वरच्या खिशातून कायम डोकावणारा. तो उमटल्याशिवाय मापघराच्या कागदाला कुणी कागद म्हणत नसे. सासऱ्यांची नजर आता अधू झाली होती आणि शिक्का एका जावयाच्या हाती द्यायचा, असं ते दोन वर्षं म्हणत होते. ‘एका जावयाच्या’ म्हणजे कोणाच्या, याबद्दल थोरल्याला कधी शंका आली नाही, कारण जावई एकच होता. मग मेव्हणीने लग्न केलं.

कोंबडा मंगळवारी आला, चादरीत गुंडाळून.

आणला तो घड्याळवाल्या बाईंनी. शहरातल्या मोठ्या मनोऱ्याचं घड्याळ त्यांच्याकडे देखभालीला होतं. चादर सोडली तशी आतून तांब्याचा कोंबडा निघाला. छाती पुढे, मान वर, आणि चेहऱ्यावर असा भाव की मापघराची तपासणी करायला तोच आलाय.

“बारा वाजता हा खिडकीतून बाहेर येतो, तीन गिरक्या घेतो आणि गर्दीकडे तोंड करून आरवतो,” बाई म्हणाल्या. “म्हणजे आरवायचा. आता अडीच गिरक्यांत दमतो आणि गर्दीकडे पाठ करून आरवतो.”

“लोक काय म्हणतात?” धाकट्याने विचारलं.

“लोकांना तेच आवडायला लागलंय, ही खरी पंचाईत.”

धाकटा हसला. सासरे हसले. थोरल्याने मनातल्या मनात सासऱ्यांचं हसू मोजलं: तीन सेकंद.

“मोटर बदला की,” थोरला म्हणाला.

“दोनदा बदलली. पहिली अंदाजाने घेतली, ती फार दमदार निघाली. शेपटीचं एक पीस उडून हवालदाराच्या टोपीत रुतलं. दुसरीही अंदाजानेच घेतली, ती ही अशी. आता अंदाज नको. मला आकडा हवा. शिक्क्यासकट.”

सासऱ्यांनी कोंबड्याकडे पाहिलं, मग दोन्ही जावयांकडे. “शुक्रवारी दोघं मोजा. वेगवेगळे. उत्तराचा कागद घडी घालून माझ्याकडे द्या. मग मी मोजीन. ज्याचं माझ्याशी जुळेल, त्याला हे.” आणि त्यांनी खिशावर थाप मारली.

आठ सेकंद. पण ते दोघांशी मिळून बोलले होते, म्हणून थोरल्याने आपल्या खात्यात चारच धरले.

“मजा येणार, साडूभाऊ!” धाकटा म्हणाला. तो त्याला चारचौघांत साडूभाऊ म्हणे आणि सासऱ्यांना सरळ बाबा. थोरला अकरा वर्षं त्यांना साहेब म्हणत आला होता. पहिल्या दिवशी तोंडातून गेलं ते गेलं. आता बदलायला काही निमित्तच मिळत नव्हतं. धाकटा आधी एका शाळेची प्रयोगशाळा सांभाळायचा. उंच होता. सासूबाईंनी त्याच्यासाठी चांगल्या कानाचा कप बाजूला काढून ठेवला होता. थोरल्याच्या कपाला कान होता, पण तो कपाशेजारी बशीत असायचा.

बुधवारी धाकटा रिकाम्या ताटावर सराव करत होता. थोरला त्या वेळी योगायोगाने कपाटामागे उभा होता. योगायोगाने तिथे तो वीस मिनिटं आधीपासून होता. धाकट्याने ताटाला पीळ दिला, ताट एका टोकाला पोचल्याबरोबर स्टॉपवॉचचं बटण दाबलं आणि म्हणाला, “शून्य.”

थोरल्याला कपाटामागे गुदगुल्या झाल्या. शून्य! इतका शिकलेला माणूस, आणि मोजायला शून्यापासून लागतो! सासऱ्यांनी थोरल्याला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं: बटण दाबलं की एक, ताट परत आलं की दोन, आणि वीस म्हटलं की पुन्हा बटण. अकरा वर्षं तो असंच मोजत होता. सासरे तीस वर्षं. शुक्रवारी या पोराचं पितळ उघडं पडणार, या आनंदात तो कपाटामागून बाहेर यायलाच विसरला आणि शेवटी धाकट्यानेच त्याला विचारलं, “साडूभाऊ, काही शोधताय का?”

“सापडलं,” थोरला म्हणाला.

संध्याकाळी आपल्या घरी गेल्या गेल्या त्याने बायकोला गाठलं. ती पडदे शिवायची. मशीन खिडकीशी होतं आणि गळ्यात टेप.

“अगं, तुझ्या बहिणीचा नवरा शून्यापासून मोजतो.”

“मग?”

“मग काय मग? शून्य हा काय हेलकावा असतो? घरात माणसं किती, तर शून्य, एक, दोन, असं मोजतं का कुणी?”

“तुम्ही कुठून मोजता?”

“बटण दाबलं की एक. साहेबांनीच शिकवलंय.”

तिने मशीन थांबवलं. गळ्यातला टेप काढून त्याचं टोक त्याच्या नाकापुढे धरलं. “इथे काय लिहिलंय?”

“काही नाही.”

“एक कुठे आहे?”

“इंचभर पुढे.”

“मी टोकालाच एक म्हटलं असतं, तर वीस इंचांचा पडदा किती भरला असता?”

थोरला टेपकडे बघत राहिला. मग त्याने खुंटीवरची किल्ली दोऱ्याला बांधली, दाराच्या कडीला अडकवली, झोका दिला आणि ‘एक’ म्हणून मोजायला लागला. बायको जमिनीवर खडूने रेघा मारत गेली, किल्ली परत आली की एक रेघ. तो वीस म्हणाला तेव्हा रेघा एकोणीस होत्या. त्याने पुन्हा केलं. एकोणीस. किल्ली बदलून पाहिली. कुलूप वेगळं, उत्तर तेच.

“एकोणीस,” तो म्हणाला.

“आणि उरलेल्या इंचातून शेजारीण आत बघत बसली असती,” बायको म्हणाली आणि पुन्हा मशीन चालवायला लागली.

थोरल्याच्या पायाखालची जमीन सरकली. तो तिच्यावरच बसला. अकरा वर्षांचे कागद! पंखे, चाकं, पाणबुडीचं ते एक काहीतरी! सगळं एकोणीसवर काढलेलं आणि विसाने भागलेलं! मग पाणबुडी अजून चालते कशी? त्याने कपाळाला हात लावून विचार केला. आणि त्याला पितळी कडं आठवलं.

कडंही सासऱ्यांनी ‘एक’पासूनच मोजलं होतं. म्हणजे त्या वेळी वेळ कमी भरली, आणि ती भरून काढायला भिंतीवरचा आकडा तेवढाच फुगला. थोरला मोजतो तेव्हा त्याचीही वेळ तेवढीच कमी भरते. आकसलेल्या वेळेला फुगलेला आकडा भेटला की दोघं एकमेकांना सांभाळून घेतात, आणि उत्तर येतं बिनचूक. चूक सासऱ्यांनी केली आणि जावयाने ती इमानाने चालवली, म्हणून मापघर तीस वर्षं बरोबर होतं.

आणि धाकटा? धाकटा बरोबर मोजणार. बरोबर वेळेला भिंतीवरचा फुगलेला आकडा लावणार. थोरल्याने खडूने जमिनीवरच गुणाकार केला. शंभरामागे अकरा जास्त येणार होते. धाकटा बरोबर होता, म्हणूनच चुकणार होता.

अकरा वर्षांत पहिल्यांदाच एखादी गोष्ट थोरल्याच्या बाजूने उभी राहिली होती. त्याला फक्त गप्प बसायचं होतं, आणि तो त्यातला जाणकार होता.

“मग सांगा की त्याला,” बायको म्हणाली. खडूचा हिशेब तिनेही वाचला होता.

“सांगणारच आहे.”

“कधी?”

“शनिवारी.”

शुक्रवारी सगळे खाली जमले. सासूबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या, मागून मेव्हणी, मागून थोरल्याची बायको, गळ्यात टेप तसाच. घड्याळवाल्या बाई खुर्चीत बसल्या. कोंबडा ताटात उभा राहिला.

आधी थोरल्याने मोजलं, सगळ्यांना बाहेर काढून. मग धाकट्याने. दोघांनी कागदाच्या घड्या सासऱ्यांच्या हातात दिल्या. मग सासऱ्यांनी चष्मा पुसला, कोंबड्याला पीळ दिला आणि बटण दाबलं.

“एक,” सासरे म्हणाले.

थोरल्याला तो आवाज एखाद्या आशीर्वादासारखा वाटला. बायको त्याच्याकडे बघत होती. त्याने भिंतीकडे बघितलं.

सासऱ्यांनी पेन्सिलीने हिशेब केला. एक हजार नऊशे बासष्ट. मग घड्या उघडल्या. थोरला: एक हजार नऊशे साठ. धाकटा: दोन हजार एकशे सत्तर.

“दोन हजार एकशे सत्तर?” बाई म्हणाल्या. “या आकड्यावर मोटर घेतली असती तर अख्खी शेपूट गेली असती.”

सासऱ्यांनी खिशातून शिक्का काढला आणि थोरल्याच्या हातावर ठेवला. मूठ गुळगुळीत होती, खिशामुळे कोमट झालेली. अकरा वर्षं ज्याच्याकडे डोळे लावले होते ते हातात होतं. त्या आनंदाचीही त्याने वेळ घेतली. चौदा सेकंद टिकला.

पंधराव्या सेकंदाला धाकटा म्हणाला, “मी चुकलो, बाबा. कुठे चुकलो तेच कळत नाहीये.” आणि त्याचा आवाज जरासा, अगदी जरासा कापला.

पुढे जे झालं त्याची थोरल्याने कल्पनाच केली नव्हती. सासऱ्यांनी धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. सासूबाई “अरे, पहिल्यांदा होतंच असं,” म्हणत चांगल्या कानाचा कप घेऊन धावल्या. मेव्हणीने त्याचा दुसरा खांदा धरला. घड्याळवाल्या बाईसुद्धा उठल्या आणि म्हणाल्या, “अहो, मी पहिलंच घड्याळ उलटं फिरणारं बसवलं होतं.” आणि सासरे, नऊ सेकंदांचे सासरे, आपल्या तरुणपणी आपण एका गिऱ्हाइकाची भोवऱ्याएवढी वस्तू ताटात ठेवून कशी विसरलो आणि तिच्यावर डबा ठेवून कसे जेवलो, ती हकिगत सांगायला लागले. थोरल्याने ती हकिगत कधीही ऐकली नव्हती. ती तीन मिनिटं चालली आणि अजून डब्याचं झाकण उघडायचं होतं.

थोरला शिक्का घेऊन ताटाजवळ उभा होता. त्याच्या शेजारी फक्त कोंबडा होता.

त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. एक चूक! एकुलती एक चूक, तीही खरं तर चूक नव्हेच, आणि त्यावर एवढं कौतुक? एवढा हात, एवढा कप, अख्खी डब्याची हकिगत? मग त्याच्याकडे काय कमी होतं? त्याच्याकडे तर अकरा वर्षांची चूक होती, अस्सल, रोजची, स्वतःच्या तोंडाने मोजलेली! बोललं तर शिक्का जाईल, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. पण समोर तो हात अजून त्या खांद्यावर होता.

“मीही चुकलोय!” तो म्हणाला.

कुणी वळून पाहिलं नाही. सासरे झाकणापाशी पोचले होते.

“अकरा वर्षं!” थोरला ओरडला.

आता सगळे वळले. सासऱ्यांचा हात खांद्यावरून खाली आला. निदान तेवढं तरी झालं.

“हा शून्यापासून मोजतो, आणि तेच बरोबर आहे,” थोरला म्हणाला. “मी एकापासून मोजतो. म्हणजे वीस म्हणतो आणि एकोणीसच असतात. अगं, टेप दे.” बायकोने टेप आधीच काढून धरला होता. त्याने सगळ्यांना टोक दाखवलं, मग इंच दाखवला, मग पडदा, शेजारीण, किल्ली, पितळी कडं, फुगलेला आकडा, सगळं घडाघडा सांगून टाकलं. “बुधवारपासून माहीत होतं मला. मुद्दाम बोललो नाही,” हेही सांगितलं, कारण त्यामुळे चूक आणखी मोठी होत होती.

धाकटा भिंतीकडे बघत हळूच म्हणाला, “म्हणजे साडूभाऊ, तुमचं उत्तर...”

“बरोबर आहे. पण चुकून.”

सासरे चष्मा पुसत राहिले. एक्केचाळीस सेकंद. मग सासऱ्यांनी विचारलं, “तुझी अकरा वर्षं. आणि माझी?”

“तुमची तीस, साहेब.”

“कडं मीच मोजलं होतं.”

“हो.”

“तुलाही मीच शिकवलं.”

“हो, साहेब.”

“म्हणजे या घरातली सगळ्यात मोठी चूक माझी,” सासरे म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात जे होतं ते दुःख नव्हतं. मान जराशी वर झाली होती, कोंबड्यासारखी. सासूबाईंनी धाकट्याच्या हातातून चांगल्या कानाचा कप काढून घेतला आणि सासऱ्यांना दिला. मेव्हणी म्हणाली, “जाऊ दे, बाबा.” घड्याळवाल्या बाईंनी आपली उलट्या घड्याळाची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली.

थोरल्याच्या लक्षात आलं की चुकण्यातही तो दुसराच आला होता.

कपाटातून कडं काढलं. तिघांनी आळीपाळीने मोजलं, शून्यापासून. सासऱ्यांच्या तोंडातून दोनदा ‘एक’ निसटलं आणि दोन्ही वेळा ते स्वतःच पुन्हा पीळ द्यायला लागले. नवा आकडा निघाला. धाकट्याच्या जुन्याच वेळेला तो लावला, तर कोंबडा एक हजार नऊशे अठ्ठावन्न आला.

थोरल्याने शिक्का पुढे केला. “घ्या, साहेब.”

सासऱ्यांनी तो घेतला नाही. “ठेव. माझ्याशी जुळेल त्याला, असं बोललो होतो. तुझं जुळलं. का जुळलं, ते आता सगळ्यांना माहीत आहे, म्हणजे तुझ्यावर नजर ठेवायला माणसंही आहेत. उद्यापासून हा मोजेल, तू तपासशील आणि शिक्का मारशील. आणि साहेब काय म्हणतोस रे? बाबा म्हण. आणि जाताना दार लोटून घे.”

सोळा सेकंद. थोरल्याने ते शून्यापासून धरले होते.

दार लोटायला तो वळला तेव्हा धाकटा स्टुलावर उभा राहून भिंतीवर नवा आकडा रंगवत होता. आकडा सुबक येत होता. सासरे खाली उभं राहून “वा!” म्हणाले. थोरल्याने कोंबड्याच्या कागदावर शिक्का मारला, गरजेपेक्षा बराच जोरात.

नव्या मोटरसकट कोंबडा दहा दिवसांनी मनोऱ्यावर गेला. बारा वाजायच्या आधी सगळं घर चौकात जाऊन उभं राहिलं. हवालदार टोपी काखेत घेऊन लांब उभा होता. घड्याळात ठोके पडले, खिडकी उघडली आणि कोंबडा बाहेर आला. एक गिरकी. दोन. तीन. शेपूट जागेवर. कोंबडा थांबला, थेट गर्दीकडे तोंड करून, आणि आरवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मागून एकजण मात्र “पाठमोराच बरा होता!” असं म्हणाला.

“जमलं, बाबा,” थोरला म्हणाला. बाबा म्हणायला अजून जरा अडखळायला होत होतं. खिशात शिक्क्याची मूठ बरगडीला टोचत होती.

मग त्याने नीट पाहिलं. कोंबडा गर्दीकडे बघत होता हे खरं, पण गर्दीत नेमका कुणाकडे? त्याने चोचीच्या टोकापासून डोळ्यांनी एक सरळ रेघ खाली आणली. रेघ येऊन थांबली ती धाकट्याच्या कपाळावर.

“अगं,” तो बायकोला म्हणाला, “पाहिलंस ना?”

“काय?”

“काही नाही.”

तो गुपचूप दोन पावलं डावीकडे सरकला आणि साडूच्या बरोबर पुढे जाऊन उभा राहिला. मग साडू उंच आहे हे आठवून टाचाही उंचावल्या.